विहिरीवरचा कूपर

आमच्या आजोळी विहिरीवर कूपर होता. म्हणजे कूपरचं डिझेल इंजिन. पण इंजिन हा शब्द कुणी वापरत नसे. "कूपर चालू कर", "कूपर गरम झालाय", "कूपरला डिझेल नाही," असं सगळं एखाद्या गड्याबद्दल बोलावं तसं चालायचं. थंडीत सकाळी तो लवकर पेटत नसे. मामा आधी त्याच्याशी दोन शब्द गोड बोलायचा, मग चार शिव्या द्यायचा, मग हँडल लावून घामाघूम होईपर्यंत फिरवायचा. खटका सोडला की धुराड्यातून काळा भपकारा निघे आणि पुक, पुक, पुक असा आवाज ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत जाई. बोलायला बसली की न थांबणाऱ्या एका लांबच्या आत्याला आमच्या घरात कूपर म्हणत. तिच्या माघारी, अर्थातच.

हा कूपर माणूस असू शकतो, हे डोक्यात कधी आलंच नाही. गोदरेज म्हणजे कपाट तसा कूपर म्हणजे इंजिन.

तीनेक वर्षांपूर्वी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. जेवताना ती आम्हाला प्रश्न विचारायची आणि आमची उत्तरं चुकली की खूश व्हायची. एका रात्री तिने विचारलं, "बाबा, मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान कोण?" मी आमटी वाढून घेत, मान वर न करता म्हणालो, "बाळासाहेब खेर." हे तर शाळेपासून पाठ. प्रांताच्या मुख्यमंत्र्याचं पद तेव्हा प्राइम मिनिस्टर, म्हणजे पंतप्रधान. ती म्हणाली, "चूक. सर धनजीशा कूपर. १ एप्रिल ते १९ जुलै १९३७. साताऱ्याचे."

मी म्हणालो, "साताऱ्याचे कूपर म्हणजे इंजिनवाले?"

"ते पुस्तकात नाहीये," ती म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. पुस्तकात कूपरांना अर्धी ओळ होती. पुढचं पान खेरांचं.

तेव्हापासून हा माणूस डोक्यात बसला. होय, इंजिनवालेच. सातारचे पारशी, धनजीशा बोमनजी कूपर. कोरेगाव तालुक्यातल्या सातारारोडला त्यांनी १९२२ च्या सुमारास कारखाना काढला. आधी लोखंडी नांगर, पुढे इंजिनं. किर्लोस्करांचा नांगर तेव्हा गाजत होता, त्याला टक्कर द्यायला हा कूपरचा नांगर आला. आणि या कारखान्याच्या उभारणीत कोण होतं, तर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्थेचे, आपले कर्मवीर. भाऊराव आधी किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकत फिरत, मग कूपरांकडे आले. पुढे दोघांचं बिनसलं. शिक्षणासाठी मदत करायचा शब्द कूपरांनी दिला आणि पाळला नाही, असं भाऊरावांच्या बाजूचे लोक आजही तावातावाने सांगतात. कूपरांची बाजू सांगणारं कुणी मला भेटलं नाही. साताऱ्यात भाऊरावांविरुद्ध बोलणार कोण?

गंमत म्हणजे माझा मामा रयतच्या वसतिगृहात राहून शिकला आणि घरी येऊन कूपरच्या इंजिनाने उसाला पाणी पाजत बसला. भांडलेल्या दोघांचीही देणी एकाच घरात.

कूपर नुसते कारखानदार नव्हते. ब्राह्मणेतर पक्षाच्या राजकारणात, जिल्हा लोकल बोर्डात त्यांचं वजन होतं. मुंबईच्या कायदे कौन्सिलात ते होते, गव्हर्नरच्या सरकारात त्यांनी कामही केलेलं होतं. फाइल कशी हलते, कलेक्टरशी कसं बोलायचं, कुठली सही कुठे लागते हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवसांत ही फार मोठी लायकी समजली जाई. आजही समजली जाते.

आता १९३७ चं सांगतो. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळायची होती. फेब्रुवारीत निवडणुका झाल्या. मत सगळ्यांना नव्हतं, जमीन, कर, शिक्षण यांच्या अटी होत्या. तरी आधीच्या कुठल्याही निवडणुकीपेक्षा मतदार कितीतरी जास्त होते. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ८६ काँग्रेसने जिंकल्या. बहुमताला दोन कमी. बाबासाहेब आंबेडकरांच्या नव्या स्वतंत्र मजूर पक्षाने सतरा उमेदवार उभे केले होते, त्यातले बहुतेक निवडून आले. मुस्लिम लीग होती, अपक्ष होते, छोटे गट होते. आमच्या सातारा जिल्ह्यात काँग्रेसने आत्माराम पाटील नावाच्या तरुण शेतकऱ्याला उभं केलं होतं आणि त्यांच्या प्रचाराला कराडचा एक कॉलेजातला मुलगा गावोगाव फिरत होता. तो यशवंत चव्हाण. कूपर ज्या जुन्या वजनदार मंडळींतले, त्यांचा जिल्हा त्यांच्या हातून असा सुटायला लागला होता.

काँग्रेस सगळ्यात मोठी, तिला दोन-चार अपक्ष सहज मिळाले असते. मग खेरांचं सरकार एप्रिललाच का आलं नाही?

कारण गव्हर्नरचे खास अधिकार. कायद्याने मंत्र्यांच्या हाती कारभार दिला खरा, पण शांतता, अल्पसंख्याकांचं हित, नोकरशाहीचं संरक्षण अशा बाबतींत गव्हर्नर मंत्र्यांचा सल्ला बाजूला सारून स्वतःच्या मताने वागू शकत होता. मार्चमध्ये दिल्लीत काँग्रेसने ठरवलं की गव्हर्नर हे अधिकार वापरणार नाही, मंत्र्यांचा सल्ला डावलणार नाही, असं आमच्या नेत्याला जाहीरपणे सांगता आलं तरच आम्ही खुर्चीवर बसू. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न. त्यांनी खेरांना बोलावलं, खेरांनी आश्वासन मागितलं, ब्रेबोर्न म्हणाले, कायद्याने मला असं आश्वासन देता येत नाही. खेर परत आले.

ब्रेबोर्नपुढे दोन वाटा होत्या. कलम ९३ लावून मंत्रिमंडळाविनाच राज्य करायचं, ही एक. पुढे १९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली तेव्हा तेच झालं आणि १९४६ पर्यंत तसंच चाललं. पण १९३७ च्या १ एप्रिलला, नवा कायदा अमलात यायच्या पहिल्याच दिवशी ते कलम लावणं म्हणजे बारशालाच तेराव्याची तयारी. इंग्रजांना ते नको होतं. घर भरलेलं दिसायला हवं होतं. म्हणून दुसरी वाट घेतली: अल्पमतातलं, हंगामी मंत्रिमंडळ. आणि बोलावणं गेलं धनजीशा कूपरांना.

हे फक्त मुंबईतच घडलं असं नाही. मद्रास, बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा, सगळीकडे अशी माणसं शोधली गेली. नागपुरात, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात, राघवेंद्र राव बसले. तिथे तर काँग्रेसला चांगलं घसघशीत बहुमत होतं, म्हणजे रावांची अवस्था कूपरांहून अवघड. १ एप्रिलला देशभर हरताळ झाला. एप्रिल फूलचे विनोद किती झाले असतील, ते मोजायला नकोच.

कूपरांच्या मंत्रिमंडळात चौघे. स्वतः कूपर, हुबळीकडचे सिद्दप्पा कांबळी, हुसेनअली रहिमतुल्ला आणि जमनादास मेहता. यातलं चौथं नाव माझ्या मते सगळ्यात रंगतदार. जमनादास बॅरिस्टर, टिळकांच्या वळणाचे, रेल्वे कामगारांच्या युनियनमधले, काँग्रेसमधून फुटून लोकशाही स्वराज्य पक्षात गेलेले. सरकारी गोटातला माणूस म्हणून त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. पुढच्याच वर्षी, १९३८ च्या ७ नोव्हेंबरला संपावर बंधनं घालणाऱ्या 'काळ्या' कामगार कायद्याविरुद्ध मुंबईत संप झाला तेव्हा ते आंबेडकरांच्या बाजूने उभे होते. मग हा माणूस अल्पमतातल्या, गव्हर्नरने जमवलेल्या मंत्रिमंडळात गेला कशाला?

एक उत्तर रत्नागिरीत सापडतं. विनायक दामोदर सावरकर १९२४ पासून तिथे स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही. मुदत वाढत वाढत तेरा वर्षं झाली. जमनादासांनी मंत्रिपद घेताना सावरकरांच्या सुटकेचा आग्रह धरला, असं सांगितलं जातं. १० मे १९३७ ला सावरकर बिनशर्त सुटले. सरकार येऊन तेव्हा चाळीस दिवस झाले होते. डिसेंबरात ते अहमदाबादला हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. त्यानंतरच्या भारतीय राजकारणावर त्याचे काय परिणाम झाले, ते ज्याने त्याने आपापल्या मतानुसार मोजावेत. मी इथे मोजत बसत नाही. मला चक्रावून टाकतं ते एवढंच की ज्या सरकारला सभागृहात उभं राहण्याइतकीही माणसं नव्हती, त्याच्या एका हुकुमाने घडलेली गोष्ट आजही टीव्हीवर रोज रात्री भांडली जाते.

हा हुकूम निघाला तेव्हा विधानसभा भरलेलीच नव्हती. निवडून आलेले १७५ जण घरी बसलेले. काँग्रेस म्हणत होती, सभा बोलवा, आत्ता बोलवा, बघू कुणाच्या मागे किती आहेत. सभा बोलवायचा अधिकार गव्हर्नरचा, आणि कायदा एवढंच म्हणत होता की वर्षातून एकदा तरी बोलवा. एप्रिल गेला, मे गेला, जून गेला.

कूपरांचा मला राग येत नाही. थोडी कीव येते, थोडं हसू येतं. साठीच्या आसपासचा, कारखाना उभा केलेला, सरकारदरबारी वजन असलेला माणूस. त्याला बोलावणं आलं, प्रांताच्या प्राइम मिनिस्टरपदाचं. मराठी वर्तमानपत्रं मुख्य प्रधान म्हणत. असं बोलावणं आपल्याला आलं असतं तर आपण काय केलं असतं, याचं प्रामाणिक उत्तर मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तू तर सोसायटीचं हंगामी सेक्रेटरीपद तीन वर्षं सोडलं नाहीस." विषय संपला. (ते तीन वर्षं नव्हते, अडीच होते. आणि दुसरं कुणी तयार नव्हतं, हे कूपरही म्हणाले असते.)

सभागृह बंद ठेवून सरकार चालवणं मात्र मला पचत नाही, आणि तो दोष ब्रेबोर्नांच्या पदरात घालावा लागतो. मतदान होऊन साडेचार-पाच महिने लोकांनी निवडलेली माणसं एकमेकांचं तोंडही सभागृहात पाहत नाहीत आणि राज्य कारभार चालू आहे, हे पहिल्याच प्रयोगात दाखवून झालं. राज्यपाल, बहुमत, "सभा कधी बोलवणार" हा सगळा मामला आपण २०१९ च्या नोव्हेंबरात पहाटेच्या शपथविधीनंतर डोळे चोळत पाहिला. तेव्हा मला कूपर माहीत नव्हते. माहीत असते तर टीव्हीपुढे बसून मी घरच्यांचं डोकं नक्की खाल्लं असतं. ते सरकार ऐंशी तास टिकलं आणि तेही सभागृहाला सामोरं न जाताच गेलं. कूपरांचे तर १०९ दिवस. त्या मानाने लांबच.

पारशांची एक वेगळी कथाही याच महिन्यांत चालू होती, आणि ती मला कूपरांच्या कथेपासून तोडता येत नाही. मुंबई काँग्रेसचे पुढारी खुर्शेद फ्रामजी नरिमन, वीर नरिमन. मुंबईतल्या बॅकबेला समुद्रात घातलेल्या भरावातला सरकारी गोंधळ त्यांनी एकट्याने चव्हाट्यावर आणला होता. मुंबईचे महापौर झाले होते. काँग्रेस जिंकली तर नेता नरिमनच, असं शहरात अनेकांनी धरून ठेवलं होतं. नेता निवडले गेले खेर. नरिमनांनी सरदार पटेलांवर ठपका ठेवला, वर्तमानपत्रांत धुरळा उडाला, शेवटी गांधीजी आणि बॅरिस्टर बहादुरजी यांच्यापुढे चौकशी झाली आणि निकाल नरिमनांच्या विरुद्ध गेला. त्यांचं काँग्रेसमधलं राजकारण तिथेच बुडालं. म्हणजे ज्या पारशाला ती खुर्ची मिळावी असं लोकांना वाटत होतं, त्याला ती मिळाली नाही, आणि ज्याला मिळाली त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही. खेर स्वतः सचोटीचे गृहस्थ होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण १९३७ च्या उन्हाळ्यात मुंबईतल्या एखाद्या पारशी घरात जेवणाच्या टेबलावर काय बोलणं होत असेल, ते ऐकायला मी बरंच काही दिलं असतं.

शहराने पुढे नरिमनांना पॉइंट दिला. कूपरांना काय? विलेपार्ल्याच्या कूपर हॉस्पिटलकडे बोट दाखवू नका, ते डॉक्टर रुस्तम नरसी कूपरांच्या नावाचं. आमचे कूपर तिथेही नाहीत.

जूनच्या उत्तरार्धात व्हाइसरॉय लिनलिथगोंनी एक लांबलचक निवेदन केलं. गव्हर्नर ऊठसूट ढवळाढवळ करणार नाहीत, खास अधिकारांची कक्षा मर्यादित आहे, कारभाराची जबाबदारी मंत्र्यांचीच, असा त्याचा सूर. काँग्रेसने जे मागितलं होतं ते त्यात तंतोतंत नव्हतं. कायद्यातला काना-मात्रा बदलला नव्हता. पण सूर बदलला होता, आणि दोन्हीकडच्यांना आता दमही धरवत नव्हता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याला कार्यकारिणी बसली. बाहेर विदर्भातला पाऊस, आत वाद. ७ जुलैला ठरलं, पदं घ्यायची.

तीन महिने अडून काँग्रेसने काय कमावलं, यावर वाद घालता येतो. माझं मत विचाराल तर कागदावर फारसं नाही, पण जरब बरीच. गव्हर्नरला कळलं की हे लोक खुर्ची नाकारू शकतात. सौदा करताना एवढं कळणं पुष्कळ असतं. बैलबाजारात दोनदा उठून गेलेला गिऱ्हाईक तिसऱ्यांदा बसतो तेव्हा दलाल पाणी विचारतो.

आणि या सौद्यात तीन महिने दुकान उघडं ठेवलेला माणूस? त्याचं काम संपलं. १९ जुलैला खेर आले. पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये विधानसभेची पहिली बैठक भरली ती खेरांचं सरकार घेऊनच. मावळंकर सभापती झाले. काँग्रेसच्या मंत्र्यांनी पाचशे रुपये पगार घ्यायचं ठरवलं, कायदेभंगात जप्त झालेल्या जमिनी परत द्यायचा कायदा पुढच्या वर्षी आणला. खेरांच्या मंत्रिमंडळात डॉक्टर गिल्डर होते, म्हणजे एक पारशी. दारूबंदीचं काम त्यांच्याकडे आलं. इतिहासाची पानं इथून भरगच्च होतात. कूपरांचं नाव मागे पडतं ते पडतंच.

पाच-सहा वर्षांनी याच सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं समांतर सरकार, उभं राहिलं. त्याला गव्हर्नरने शपथ दिलेली नव्हती, सचिवालय नव्हतं, शिपाई नव्हता. त्याच्या आठवणी माझ्या आजोबांकडे ढीगभर होत्या. कुठल्या उसात कोण लपलं होतं, कुणाच्या घरी भाकरी बांधून जात होत्या, कुणाला पत्री मारली. मोठेपणी मी त्या सगळ्या लिहून घेतल्या. कूपरांच्या मंत्रिमंडळाबद्दल त्यांना एकदाही विचारलं नाही, कारण मला ते ठाऊकच नव्हतं. आजोबांना ठाऊक होतं का? १९३७ ला ते सतरा-अठरा वर्षांचे असतील. जिल्ह्यातला माणूस मुख्य प्रधान झाला तर गावात बातमी आली असणारच. त्यांनी आपण होऊन कधी सांगितलं नाही एवढं खरं. ज्या विहिरीवर बसून ते प्रतिसरकारच्या गोष्टी सांगत, तिथे मागे कूपर पुकपुकत असायचा आणि आवाजामुळे त्यांना ओरडून बोलावं लागायचं.

कूपरांचा कारखानाही पुढे वालचंद हिराचंदांच्या समूहाकडे गेला. आमच्याकडे वीज आली, मोटर आली, इंजिन बंद पडलं. दुरुस्तीला माणूस मिळेना झाला. मामाने ते विकायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा रद्द केलं.

गेल्या दिवाळीत मुलीला घेऊन आजोळी गेलो. मामा आता ऐंशीच्या घरात आहे. चहा पिताना त्याला म्हणालो, "मामा, तुमच्या कूपरचा मालक मुंबई इलाख्याचा मुख्यमंत्री होता, ठाऊक आहे? साडेतीन महिने."

मामाने बशीतला चहा फुंकला. "कवा?"

"सदतीस साली."

"आन् मग?"

"मग काँग्रेस आली."

"मग बराबर हाय," मामा म्हणाला. काय बरोबर ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

संध्याकाळी मुलगी आणि मी विहिरीकडे गेलो. शेडचे पत्रे कुणीतरी नेलेत. इंजिन तिथेच आहे, चौथऱ्याला बोल्टांनी धरलेलं. चाकावर मामीने पापडाची चादर वाळत घातली होती. मुलीने चादर बाजूला करून मोबाइलच्या उजेडात पत्र्याची पाटी पुसली. वरची ओळ गंजून गेली होती. खालचं सातारारोड तेवढं वाचता येत होतं.

"फोटो काढू का?" तिने विचारलं.

"काढ," मी म्हणालो. "आणि चादर परत नीट घाल, नाहीतर मामी ओरडेल."

तिने तीन फोटो काढले. परत येताना म्हणाली की परीक्षेत तो प्रश्न आलाच नाही.